पानाची जाळी होईपर्यंत

"बाबा, तू खोटं बोललास."

मुलगी नऊ वर्षांची आहे आणि हिशेबाला पक्की आहे. मागच्या वर्षी मी तिला सांगितलं होतं, पिंपळाचं पान पुस्तकात ठेव, वर्षभरात त्याची जाळी होते. तिने ते शब्दकोशात ठेवलं, 'प'च्या पानांत, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकली. वर्षभरात एकदाही उघडून पाहिलं नाही. तिच्या वयाचा असताना मी दिवसातून दोनदा उघडलं असतं. मेमध्ये बरोब्बर त्या तारखेला तिने शब्दकोश उघडला तर आत एक तपकिरी, सपाट, कडकडीत वाळलेलं पान. जाळीबिळी काही नाही. उचलताना त्याची शेपटी मोडली ती वेगळीच.

अजून थोडे दिवस लागत असतील, असं काहीतरी मी पुटपुटलो. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी आई म्हणाली, "शंभर वर्षं ठेवलंस तरी नाही व्हायची. कोरड्यात कशी होईल जाळी? आधी कुजायला नको?"

पुस्तकातल्या पिंपळपानावर इतक्या कविता झाल्या आहेत की त्याचा भुगा व्हायचा तेवढा राहिलाय. पण त्याची जाळी होते कशी, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आईने तिच्या जुन्या वहीतलं पान काढून दाखवलं. खरोखरीची जाळी, जुन्या कागदाच्या रंगाची. ते तिला शाळेत असताना हौदाच्या तळाशी सापडलं होतं. पावसाळाभर तिथे पडून होतं. "मी धुतलं आणि वहीत घातलं. वहीने काय केलं? सपाट केलं, बस."

विचार केल्यावर पटलं. पुस्तक पानातला ओलावा शोषून घेतं, आणि ओलावा नसला की कुजवणारे जिवाणू कामच करू शकत नाहीत. म्हणजे पुस्तक पानाची जाळी करत नाही, उलट होऊ देत नाही. वनस्पतीशास्त्राचे लोक नमुने कागदात दाबून ठेवतात ते याच कारणाने. मी मुलीला नेमका उलटा सल्ला दिला होता.

"मग आता खरं करूया," ती म्हणाली. त्या 'खरं करूया'ला पुढे आठ महिने लागले.

सुरुवात वळवाने करून दिली. मेच्या शेवटी एका रात्री वाऱ्याने चांगलंच झोडपलं आणि रविवारी सकाळी टेकडीवर गेलो तर पिंपळाची एक मोठी फांदी वाटेवर आडवी पडलेली. आम्ही दर रविवारी या टेकडीवर जातो. एरवी चाळीस मिनिटांत वर जाऊन खाली येतो, मी पुढे, बाकीचे मागे, आणि थोरला मुलगा सगळ्यांत मागे, आपल्याला जबरदस्तीने आणलंय हे चालण्यातून दाखवत. त्या दिवशी तीन तास लागले आणि आम्ही निम्म्यापर्यंतही पोचलो नाही.

झाडावरचं पान तोडायचं नाही हा मुलीचा नियम. मोडलेली फांदी त्यात बसत होती. पण सगळीच पानं उपयोगाची नसतात हे लगेच कळलं. शेंड्याकडची कोवळी, तांबूस, लुसलुशीत पानं दिसायला सर्वांत सुंदर आणि या कामाला सर्वांत निरुपयोगी. त्यांच्या शिरा अजून कडक झालेल्या नसतात, कुजताना पानाबरोबर त्याही जातात. हवं असतं ते पुरतं वाढलेलं, गडद हिरवं, थोडं चामट पान. मग आम्ही एकेक पान उजेडाकडे धरून बघायला लागलो. काळे ठिपके असलेलं बाद, कारण ठिपक्याखाली शीरही कच्ची असते. दुमडून वळ उठलेलं बाद. एका पानाला मधल्या शिरेच्या शेजारी अळीने खाल्लेलं रुपयाएवढं भोक होतं. मी ते फेकलं, मुलीने परत उचललं. "हे माझं," म्हणाली. मी वाद घातला नाही.

पिंपळाची बत्तीस मिळाली. खाली पडलेली करंजाची दहा, कांचनाची दहा आणि जांभळाची आठ घेतली. सागाचं एक पान बायकोने हौसेने उचललं होतं, पण ते कुठल्याच बादलीत मावणार नाही म्हणून तिने ते उन्हाला डोक्यावर धरलं.

थोरल्याला मात्र यातलं काहीच नको होतं. त्याला हवं होतं कुंपणाकडेचं घायपात. हातभर लांब, जाडजूड, टोकाला सुईसारखा काटा. मी त्याला शाळेतल्या पुस्तकासारखं समजावलं की बाबा रे, पिंपळाच्या पानात शिरांचं जाळं असतं, घायपातात शिरा एकमेकींना समांतर धावतात, त्याची जाळी होणार नाही, नुसते दोरे निघतील. "मग दोरे निघू देत," तो म्हणाला. तेरा वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट होणार नाही असं सांगणं म्हणजे ती करायला लावणंच. छाटणीच्या कात्रीने त्याने दोन पानं कापली. रस मनगटावर ओघळला आणि घरी येईपर्यंत हातावर लाल पुरळ उठून अशी खाज सुटली की तो दारातूनच ओरडत आला. घायपाताच्या रसात सुईच्या आकाराचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात. आईने त्याचा हात नळाखाली धरून ठेवला आणि चोळू दिला नाही. दुसऱ्या दिवशी उतरलं. हातमोजे घालायचे, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

कृती म्हणावी तर एवढीच: बादलीत पाणी, पाण्यात पानं, पानांवर एक जुनी ताटली आणि ताटलीवर दगड, म्हणजे पानं वर तरंगत नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणूंना मारक. म्हणून पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग पानं घातली, आणि ओढ्याकाठच्या डबक्यातलं तांब्याभर गढूळ पाणी वरून ओतलं. विरजण लावतात तसं. ही युक्ती आईची. तिने लहानपणी अंबाडी कुजवताना पाहिलेली आहे. ताग, अंबाडी पाण्यात दाबून ठेवतात आणि सालीतला चिकटा कुजून गेला की वाख सुटे होतात. पानाचंही तेच. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य जिवाणू आधी खातात, मग मऊ गर विरघळत जातो. शिरांमध्ये मात्र लिग्निन असतं, लाकडाला लाकूडपण देणारं. ते जिवाणूंना सहजासहजी पचत नाही. गर जातो, सांगाडा उरतो.

घायपातासाठी जुना प्लॅस्टिकचा टब वेगळा. थोरल्याने पानं दगडाने ठेचून त्यात टाकली, टब जिन्याखाली ढकलला आणि विसरला. खरोखर विसरला.

बादली आधी बाल्कनीत होती. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत काहीच वास नव्हता, त्यामुळे आम्ही गाफील राहिलो. दुसऱ्या आठवड्यात तो आला. तळाशी हवा पोचत नाही तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, तोच सडक्या अंड्याचा वास. वाऱ्याची दिशा बदलली की तो थेट आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. बायको आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. तिने मार्कर घेतला आणि बादलीच्या झाकणावर लिहिलं: '२० जून'. एवढंच. वीस जूनला बादली बाल्कनीतून न्हाणीघरात गेली. झाकणावरची तारीख खोडली गेली, खाली '५ जुलै' आली. पाच जुलैला बादली मागच्या दाराबाहेर पत्र्याखाली गेली. तिसरी तारीख तिने लिहिली नाही. मार्कर संपला होता असं ती म्हणते.

याच्या मध्ये डासांचं प्रकरण झालं. बादलीवर आधी झाकण नव्हतं, नुसतं फडकं बांधलं होतं. नवव्या दिवशी पाहिलं तर फडकं एका बाजूने सुटलेलं आणि पाण्यात बारीक बारीक स्वल्पविराम उलटे लटकलेले. बोट लावलं की वळवळत तळाला जायचे, पुन्हा श्वास घ्यायला वर. उबदार पाण्यात अंड्यापासून डास उडून जाईपर्यंत आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो. पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतलं, पानं धुतली, झाकण आणलं आणि नियम केला: दर पाच दिवसांनी अर्धं पाणी बदलायचं. सगळं नाही, अर्धं. सगळं बदललं तर जमलेले जिवाणूही वाहून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे बदलायचं काम मुलीने घेतलं. काढलेलं काळपट पाणी ती कुंड्यांना घालायची. कुंड्या खूश होत्या.

आता माझी चूक सांगतो. बाराव्या दिवशी माझा धीर सुटला. एक पान काढून ब्रशने घासलं, ते मधोमध फाटलं. तरी कळलं नाही. उलट वाटलं, पाण्याचं काम मंद आहे, आपण सोड्यात उकळून झटपट करू. सोडा वापरून तासाभरात जाळी होते असं ऐकलेलं होतं. मुलगी शाळेत गेलेली पाहून मी बादलीतली पिंपळाची पाच आणि जांभळाची सगळी आठ पानं काढली.

पहिल्यांदा हाताशी असलेला खायचा सोडा घातला. तासभर उकळलं. पाणी शेवाळी झालं, पानं जशीच्या तशी. लागतो तो धुण्याचा सोडा, तो बराच जास्त तिखट असतो. तो आणला आणि घाईत अॅल्युमिनियमच्या पातेल्यात टाकला. फस्सकन फेस आला आणि पातेलं आतून काळंठिक्कर पडलं. अॅल्युमिनियमला हा सोडा चालत नाही, धातूलाच खातो. पातेलं गेलं ते गेलंच. मग स्टीलच्या भांड्यात, लिटरभर पाण्याला चार चमचे, मंद आचेवर दोन तास, खिडक्या सताड उघड्या, हातात मोजे, आटेल तसं पाणी वाढवत. जांभळाची पानं मुळात चिवट, त्यातली तीन बरी निघाली. पिंपळाची पाचही शेवयांसारखी लिबलिबीत होऊन ब्रशला चिकटली. जास्त वेळ उकळलं की गराबरोबर शिराही मऊ पडतात. कुठे थांबायचं याचा अंदाज पाच पानांत येत नाही. सोड्याची पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ज्यांचा हात बसलाय त्यांना जमते. पण सोड्याजवळ घड्याळ घेऊन उभं राहावं लागतं, आणि बादलीजवळ कुणालाच उभं राहावं लागत नाही.

मुलीने संध्याकाळी बादलीतली पानं मोजली. मोजणारच. "सव्वीसच आहेत." माझ्या घासण्यात एक आणि उकळण्यात पाच, हिशेब बरोबर होता. ती पुढे काही बोलली नाही, फक्त भोकवालं पान आहे ना एवढं चाचपून पाहिलं आणि झाकण लावलं. त्यानंतर मला बादली एकट्याने उघडायची परवानगी नव्हती.

पाऊस लागून राहिला होता. टेकडीवर जाणं कमी झालं, गेलो तरी निसरड्या वाटेवरून हळूहळू. एक मात्र झालं, चालताना सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. ओढ्याकाठी, दगडांच्या बेचक्यात, साचलेल्या पाचोळ्यात आपोआप जाळी झालेली पानं असतात. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यावरून चालत गेलो होतो. अर्धी जाळी, अर्धं पान अशी तर कितीतरी. थोरलाही कुठल्याशा झुडपाखालून एक घेऊन आला आणि "हे बघ, फुकट," म्हणून बहिणीच्या हातावर ठेवून पुढे गेला.

एकेचाळिसाव्या दिवशी मुलीने बादलीतलं पान चिमटीत धरलं आणि म्हणाली, "सुटतंय."

परातीत स्वच्छ पाणी घेतलं, त्यात काचेचा एक तुकडा कडा घासून आडवा ठेवला, त्यावर पान. पान काळपट हिरवं, बुळबुळीत, हातात घेतलं तर किळस यावी असं. देठाजवळ नखाने किंचित खरवडलं तर वरचा पापुद्रा सुटा झाला. ओल्या टिश्यूपेक्षाही पातळ, पारदर्शक. तो आख्खा निघाला, पानाच्या आकाराचा, शेपटीसकट, आणि पाण्यात तरंगायला लागला. खालच्या बाजूचाही तसाच. दोन पापुद्र्यांच्या मध्ये जे होतं ते म्हणजे पातळ हिरवट चिखल. इथे मी पुन्हा ब्रश घासायला गेलो आणि मुलीने माझा हात धरला. "घासायचं नाही. टकटक करायचं."

जुना, मऊ झालेला टूथब्रश उभा धरून ती पानावर नुसती टेकवायची आणि उचलायची. टेकवायची आणि उचलायची. प्रत्येक वेळी थोडा चिखल ढग होऊन पाण्यात पसरायचा आणि त्या जागी खिडकी उघडल्यासारखी जाळी दिसायची. आधी मधली शीर, तिच्यापासून फुटलेल्या आडव्या शिरा, त्यांच्यामधल्या पोटशिरा, आणि मग, पाणी तीनदा बदलल्यावर, त्या पोटशिरांमधली इतकी बारीक नक्षी की डोळे ताणून बघावं लागतं. कडेकडेने सगळ्या शिरा एकमेकींना मिळून काठ विणल्यासारखा एक पदर होतो. एका पानाला पाऊण तास लागला. माझ्या हातून त्या दिवशी दोन फाटली, तिच्या हातून एकही नाही. नऊ वर्षांच्या बोटांचा दाब जितका असतो तितकाच या कामाला लागतो, बहुतेक.

करंजाची पानं तोवर पार विरघळली होती, बादलीत नुसते देठ. त्यांना लवकर काढायला हवं होतं. कांचनाची चार निघाली. दोन पाकळ्यांचं पान, आणि शिरा देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या. पिंपळाची सव्वीसातली सतरा आख्खी. हे सगळं तीन रविवार चाललं. बाहेर धो धो पाऊस, आत परातीभोवती चार डोकी, आणि पलंगावर बसून आई प्रत्येक पानाला पास-नापास करते आहे.

भोकवालं पान तिने शेवटाला ठेवलं होतं. ते धुऊन काढलं आणि उजेडाला धरलं तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं. अळीने खाल्लेल्या जागी जाळीत भोक होतं, मधल्या शिरेतून निघालेली एक जाड शीर तिथे तुटलेली होती, आणि तरीही भोकाच्या पलीकडचा भाग उरलेल्या पानासारखाच धड होता. म्हणजे अळीने खाल्ल्यावरही तिथे पाणी पोचत राहिलं. कसं? आजूबाजूच्या बारीक शिरांतून वळसा घालून. शिरा नुसत्या फांद्यांसारख्या फुटत जात नाहीत, परत एकमेकींना मिळतात. एक वाट बंद झाली तर दुसरी असते. यावर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१० साली एक शोधनिबंध लिहिला आहे. त्यांनी लिंबाच्या पानाला भोक पाडून देठातून चमकणारा रंग सोडला, तो भोकाला वळसा घालून सगळीकडे पोचला. गिंको नावाच्या फार प्राचीन कुळातल्या झाडाच्या पानात शिरा फुटतात पण परत जुळत नाहीत. तिथे भोकाच्या मागचा भाग कोरडा राहिला. मी हे मुलीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर मी ठेवलं होतं ना ते." ते मला खरं वाटत नाही, पण शब्दकोशाच्या प्रकरणानंतर खोटं बोललीस असं म्हणायची माझी पत नव्हती.

वाचता वाचता आणखी एक सापडलं, ते तिला जास्त आवडलं. हॉलंडमध्ये फ्रेडरिक रॉइश नावाचा शरीरशास्त्रज्ञ होऊन गेला, १६३८ ते १७३१. माणसाच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या दाखवणारे नमुने तो करायचा, आणि पानांच्या जाळ्याही करायचा. त्याच्या संग्रहाची मांडणी, सजावट करायला त्याची मुलगी रेचल मदत करत असे. ही रेचल पुढे फुलांची चित्रं काढणारी मोठी चित्रकार झाली. तिच्या चित्रांत फुलांबरोबर किडे, फुलपाखरं असतात. बापाचा संग्रह १७१७ मध्ये रशियाच्या पीटर बादशहाने विकत घेतला. १८६० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत जाळीच्या पानांचे पांढरेशुभ्र गुच्छ काचेच्या घुमटाखाली ठेवायची फॅशनच आली होती. पण मुलीचा प्रश्न वेगळाच होता: "रेचलच्या घरी वास यायचा का?" यायचा असणार. त्या बाबतीत तीनशे वर्षांत काही सुधारणा झालेली नाही.

वाळवणं सोपं वाटतं आणि तिथेच आमची दोन पानं गेली. ओली जाळी वर्तमानपत्रात ठेवली तर शाई उमटते. आमच्या एका पानावर अजून उलट्या अक्षरांत अर्धा मथळा वाचता येतो. दुसरं पंख्याच्या वाऱ्याने उडून कपाटामागे गेलं. टीपकागदात ठेवून वर जड पुस्तकं रचली तेव्हा बाकीची नीट वाळली. वजनासाठी शब्दकोशच घेतला. या वेळी त्याच्याकडून योग्य ते काम करून घेतलं. पांढरी करण्यासाठी ब्लीचमध्ये घालतात, आम्ही घातली नाहीत. एक तर त्याने जाळी ठिसूळ होते, आणि आईच्या पानाचा जो जुन्या कागदासारखा रंग होता तोच मुलीला हवा होता.

थंडी पडली, अंधार लवकर व्हायला लागला, तसं संध्याकाळचं सगळं घर एका खोलीत जमायला लागलं. मुलीच्या डोक्यात दिव्याची शेड होती. बायकोने कामाचा ताबा घेतला तो इथे, कारण चिकटवण्याच्या कामात आमच्या घरात तिच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही. पातळ हातकागदाची नळी केली, फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तो मऊ ब्रशने कागदावर लावला, पानाला नाही. मग दोघींनी पान दोन बाजूंनी धरून वरून हलकेच सोडलं. एकदा टेकलं की हलवायचं नाही, हलवलं की शेपटी जाते. रोज दोनच पानं. आत एलईडीचा छोटा बल्ब, तो फारसा तापत नाही. जुना पिवळा बल्ब असता तर कागद करपला असता.

चौदा पानं लागली. भोकवालं पान त्यात घ्यायचं की नाही यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी ते आईच्या वहीत, आईच्या हौदातल्या पानासमोरच्या पानावर गेलं. आईनेच मागून घेतलं.

शेड तयार झाली आणि लक्षात आलं की ती टांगायला काही नाही. वायर दिसायला बरी नाही, रिबीन मुलीला नको, सुतळी जाड. त्याच आठवड्यात जानेवारीची साफसफाई निघाली आणि बायकोने जिन्याखालून टब ओढून काढला. थोरला आणि मी, दोघंही एकमेकांकडे बघायला लागलो. आठ महिने. पाणी केव्हाच आटलेलं, तळाला काळी खरवड, आणि तिच्यात केसांच्या जटेसारखं काहीतरी रुतलेलं.

फेकणारच होतो. आई म्हणाली, "आण इकडे."

तिने ती जट बादलीत बुडवली, खळबळली, पाणी ओतलं, पुन्हा बुडवली. चौथ्या पाण्याला आतून दोरे दिसायला लागले. सातव्या पाण्याला पिवळसर पांढरे, चमकदार, हातभर लांब. इतके दिवस पडून राहिल्याने काही तुटत होते. ते तिने काढून टाकले. उरलेले उन्हात पसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पायरीवर बसली, लुगडं पोटरीवर सरकवलं, वाखाचे दोन पदर घेतले आणि तळहाताने पोटरीवर पुढे घासत पीळ द्यायला लागली. एकदा पुढे, दोन्ही पदर एकत्र धरून एकदा मागे. दोरी तिच्या हातातून सरपटत बाहेर यायला लागली. थोरला फोन खाली ठेवून समोर उकिडवा बसला.

"बघू, मी करतो."

"पायाला केस आलेत तुझ्या. ओढले जातील."

तरी त्याने करून पाहिलं. ओढले गेले. वीतभर दोरी केली त्याने, गाठी गाठींची, कुठे जाड कुठे बारीक. शेड टांगली आहे ती निम्मी त्याच्या दोरीवर आणि निम्मी आजीच्या, आणि दोन्हींचा जोड कुठे आहे ते लांबूनही ओळखू येतं. मुलीने मात्र ठणकावून सांगितलंय की पुढच्या वेळी घायपात तिच्या बादलीजवळ ठेवायचं नाही. झाकण तिने आधीच धुऊन ठेवलंय. मार्कर कुणी आणलाय ते अजून कळलेलं नाही, पण त्यावर '२० जून' पुन्हा लिहिलेलं आहे.